बरणीतला बेडूकमासा: रंग उडालाय, जात ओळखायची कशी?

सातरस्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. गड्ड्याची जत्रा आटोपली की आमच्याकडे नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी, समिती येणार आहे. त्यामुळे विभागाच्या संग्रहालयातल्या बरण्या पुसून लेबलं लावायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय. जळू, पट्टकृमी, विंचू, कटला, समुद्रघोडा इथपर्यंत काही अडलं नाही. मग खालच्या कप्प्यात अगदी मागे ही बरणी सापडली.

[फोटो १] [फोटो २]

लेबल गळून गेलंय. झाकणावर तांबड्या रंगात फक्त ४७ हा आकडा. त्या आकड्यांची नोंदवही कुठे आहे ते विभागात कुणालाच माहीत नाही. फॉर्मॅलिन उडून निम्म्यावर आलंय, पिवळट झालंय. मासा मुठीएवढा, फुगीर, तोंड वर वळलेलं. पुढचे पंख तर चक्क कोपरात वाकलेले. अंगावर बारीक केस असल्यासारखं दिसतं. फ्रॉगफिश म्हणजे बेडूकमासा असावा, इथपर्यंत पुस्तकावरून पोचले. पुढे गाडी अडली. नेटवर बघावं तर पिवळे, लाल, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि माझा हा पांढुरका, मळकट.

प्राचार्य म्हणतात, "फ्रॉगफिश एवढंच लिहा, कोण बघतंय." मला ते पटेना. कुणी मदत कराल का?

शेंगाचटणी

ताई, हा तर आमच्या साहेबांचा सोमवार सकाळचा फोटो आहे की ओ! तोंड तंतोतंत.
जाणकार येईपर्यंत मी शेंगा घेऊन बसतो.

पाणकोंबडा

मी पक्ष्यांतला माणूस, माशांतलं कळत नाही. गूगल लेन्सला दोन्ही फोटो दिले, दोन्ही वेळा 'स्टोनफिश' म्हणाला. तो विषारी असतो असं वाचलंय. ताई, मेलेला असला तरी जपून.

मिरकरवाडा

स्टोनफिश नाही. स्टोनफिशच्या पाठीवर जाड विषारी काट्यांची रांग असते आणि नाकाडावर काठी नसते. फोटो २ मध्ये डोळ्यांच्या वर, किंचित पुढे, कातडीला चिकटलेला एक दोरा दिसतोय. तीच याची गळकाठी. पाठीच्या पंखाचा पहिला काटा पुढे सरकून काठी झालाय आणि तिच्या टोकाला मांसाचं आमिष आहे. तोंडापुढे ते हलवायचं, मासा जवळ आला की गिळायचा.

पक्कं करायचं असेल तर कल्ल्याचं भोक शोधा. इतर माशांना गालामागे मोठी फट असते. बेडूकमाशाला पुढच्या पंखाच्या मुळाशी, खालच्या अंगाला, टाचणीचं डोकं जाईल एवढंच गोल भोक असतं. ते सापडलं तर तुमचं घराणं बरोबर: अँटेनॅरिडी. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात टोडफिशही येतात, चपट्या रुंद डोक्याचे, आणि पुष्कळ संग्रहालयांत त्यांनाच बेडूकमासा म्हणून लेबल लावलेलं मी पाहिलंय. टोडफिशला काठी नसते.

मी रत्नागिरीचा, मत्स्यशास्त्र शिकलो, ट्रॉलरच्या फेकायच्या मासळीचे नमुने निवडण्यात काही वर्षं गेली. त्यात हे नग अधूनमधून यायचे.

डुबकीबहाद्दर

वा, आवडता विषय! मी सोलापूरचाच, टॉवेलच्या धंद्यात आहे, पण सुट्टी मिळाली की पाण्याखाली. हा माझा अंदमानातल्या हॅवलॉकचा फोटो, स्पंजवर बसलेला.

[फोटो ३]

गाइडने सांगितलं 'पेंटेड फ्रॉगफिश'. रंग बघा काय आहे, केशरी त्यात गुलाबी झाक. ताईंच्या माशाचा मूळ रंग कळला असता तर जात लगेच सांगता आली असती.

मिरकरवाडा

डुबकीभाऊ, उलट आहे. रंग उडालाय म्हणून मॅडमचा मासा ओळखायला सोपा जाणार. तुमचा अवघड.

बेडूकमासा आजूबाजूचा स्पंज, प्रवाळ, शेवाळ बघून काही आठवड्यांत रंग बदलतो. एकाच जातीचे पिवळे, काळे, लाल, पांढरे नग मिळतात. पिल्लांचं आणखी वेगळं. काही जातींची पिल्लं काळी आणि त्यांवर पिवळे ठिपके. जुन्या काळी प्रत्येक रंगाला नवं नाव देत गेले, त्यामुळे नावांचा नुसता बाजार झाला होता. थिओडोर पीच आणि डेव्हिड ग्रोबेकर या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये जगभरच्या संग्रहालयांतले नमुने तपासून त्यातली कितीतरी नावं रद्द केली. आणि ते नमुने कसले? मॅडमच्या बरणीतल्यासारखेच, रंग उडालेले.

मॅडम, आधी एवढं करा. बरणी उघडताना हातमोजे घाला, खिडक्या उघडा, पंखा लावा. वास घेऊन बघू नका. मासा पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. काठी बोटाने उचकटू नका, जुना नमुना आहे, तुटेल. रंगकामाचा बारीक मऊ ब्रश ओला करून मुळाकडून हलकेच सोडवा. मग तिची लांबी मोजा. तिच्या मागे दुसरा काटा आहे, कातडीने झाकलेला, जाडसर. त्याची लांबी मोजा. दोन्हींचं प्रमाण काय येतं ते इथे टाका.

खारंपाणी

वाचनखूण साठवली. माझ्याकडे समुद्री टाकी आहे (हो, सोलापुरात. हो, मे महिन्यात चिलर बंद पडला तर काय होतं तेही विचारू नका). दुकानदार 'अँग्लर' म्हणून काहीही विकतात. ओळखायला शिकायचंय.

शेंगाचटणी

भावा, मे महिन्यात आमची टाकी म्हणजे गच्चीवरची सिंटेक्स. त्यात मासा सोडला तर संध्याकाळपर्यंत कालवण तयार.

सातरस्ता

मिरकरवाडा सर, मनापासून आभार. कल्ल्याचं भोक सापडलं, पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूला, अगदी तुम्ही सांगितलं तसं. काठी सुटली, न तुटता. व्हर्नियरने मोजलं:

तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत ११२ मिमी. काठी १९ मिमी. दुसरा काटा १८ मिमी.

आमिष बाहेर काढून भिंगाखाली फोटो घेतलाय. मला तीन जाडसर धागे दिसतात, किड्यांसारखे.

[फोटो ४]

मिरकरवाडा

झकास. काठी आणि दुसरा काटा जवळजवळ सारखे. एवढ्यानेच अर्धी यादी गळाली.

कॉमर्सन, पिक्टस आणि मॅक्युलॅटस या बेडूकमाशाच्या तीन जातींची काठी दुसऱ्या काट्याच्या जवळपास दुप्पट असते. ते तिघेही गेले. या तिघांची आणखी एक गंमत आहे. काठी मागे पाडली की ती दुसऱ्या काट्याच्या बाजूच्या चरात बसते आणि आमिष दुसऱ्या-तिसऱ्या काट्याच्या मधल्या खळग्यात जातं. खळग्यात कातडीवरचे काटे नसतात. वरून दुसरा काटा झाकण घालतो. आमिष कुणी तोडून नेऊ नये म्हणून एवढी सोय. तरी तुटतंच कधीतरी, आणि पुन्हा वाढतंही.

आखूड काठीवाल्यांत आपल्या पाण्यातले मुख्य असे: स्ट्रायेटस, हिस्पिडस, नुमिफर, कॉक्सिनियस आणि सरगॅसममधला हिस्ट्रियो.

हिस्ट्रियो आधी बाजूला काढू. तो तळावर राहत नाही, वाहत्या सरगॅसम शेवाळात राहतो. त्याची कातडी गुळगुळीत, पोटाखालचे पंख खूप लांब आणि काठी इवलीशी, दुसऱ्या काट्याहूनही आखूड. मॅडम, माशाच्या कुशीवर बोट फिरवा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर हिस्ट्रियो बाद.

सातरस्ता

खरखरीत आहे. चांगलंच. हातमोज्यातूनसुद्धा कळतं.

अक्का_विजापूररोड

सातरस्ता बाळा, मी निवृत्त शिक्षिका, शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आमच्या काळी सहलीला कोकणात गेलो की बंदरावरून मुलं काहीबाही उचलून आणायची आणि प्रयोगशाळेत बरणीत टाकायची. पाटी कुणी लिहीत नसे. निदान तू तरी लिहितेयस.

एक शंका. काठी दुप्पट की सारखी हे ठीक, पण लहान माशात आणि मोठ्या माशात प्रमाण बदलत नाही का?

मिरकरवाडा

अक्का, रास्त शंका. अगदी पिल्लांत थोडं इकडेतिकडे होतं. पण एकपट आणि दुप्पट यांत घोळ व्हावा इतकं नाही. म्हणूनच नुसती लांबी न मागता प्रमाण मागितलं. ११२ मिमीचा मासा तर पिल्लू नाहीच.

आता नुमिफर आणि कॉक्सिनियस. हे दोघे जुन्या पुस्तकांत अँटेनॅरियस, मग अँटेनॅटस, आणि अलीकडे अबँटेनॅरियस या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकलेत. नावं बघून गोंधळू नका. नुमिफर तर आपल्याच मलबार किनाऱ्याच्या नमुन्यावरून कुव्हिए या फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये नोंदवला. त्याच्या पाठीच्या मऊ पंखाच्या मुळाशी एक गडद गोल डाग असतो. कॉक्सिनियसची खूण शेपटीशी: पाठीच्या आणि खालच्या पंखाचा पडदा थेट शेपटीच्या मुळापर्यंत जातो, मधे मोकळा देठ उरतच नाही.

सातरस्ता

शेपटीला देठ आहे, बोटाच्या पेरापेक्षा आखूड, पण मोकळा. पंखाच्या मुळाशी गोल डाग नाही. अंगावर मात्र तिरकस पुसट रेघा दिसतायत, पाण्यात ठेवल्यावर जास्त. रंग गेला मग रेघा कशा राहिल्या?

मिरकरवाडा

काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिनचा. तो अल्कोहोल-फॉर्मॅलिनमध्ये बराच टिकतो. पिवळा, केशरी, लाल हे कॅरोटिनॉइड, ते विरघळून जातात. म्हणजे बरणीत जे उरतं ते खाली छापलेलं नक्षीकाम. डुबकीभाऊंच्या केशरी माशाला बरणीत घातलं तर पांढरा होईल.

रेघा आहेत, देठ आहे, काठी सारखी. उरले दोघं: स्ट्रायेटस आणि हिस्पिडस.

डुबकीबहाद्दर

मग स्ट्रायेटसच! अंगावर केस आहेत की. इंडोनेशियातल्या लेंबेहला 'हेअरी फ्रॉगफिश' बघायला लोक कुठून कुठून येतात, तो हाच. आणि ताईंनी आमिष किड्यासारखं म्हटलंय. स्ट्रायेटसचं आमिष किड्यासारखंच असतं, हे मलाही माहितेय.

खारंपाणी

+१. फोटो ४ मध्ये सरळ तीन किडे दिसतायत. स्ट्रायेटस.

पाणकोंबडा

+१. अभिनंदन ताई, नॅकला दाखवा.

मिरकरवाडा

थांबा, थांबा.

केसांवरून काहीही ठरत नाही. दोन्ही जातींत केसाळ नग असतात, तुळतुळीत असतात, मधले असतात. पट्टे दोघांनाही. या दोघांत खरा फरक आमिषाचाच. स्ट्रायेटसला दोन ते सात लांबट, किड्यासारखे फाटे. हिस्पिडसला बारीक तंतूंचा भरगच्च गोंडा.

आणि फोटो ४ हवेत काढलाय. सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, चादरीच्या दशा भिजल्या की एकमेकींना चिकटून त्यांच्या दोन-चार जाड बटा होतात. आमिषाचंही तेच. पाण्याबाहेर काढलं की गोंड्याचे तंतू चिकटून किड्यासारखे दिसतात. मॅडम, मासा काठोकाठ पाण्यात बुडवा, आमिषाजवळ ड्रॉपरने हळू पाणी सोडा आणि भिंग पाण्याच्या वर धरून बघा. फोटो सरळ वरून घ्या, ट्यूबलाइट पाण्यात चमकणार नाही अशा कोनात.

शेंगाचटणी

लै भारी. क्रिकेटच्या मॅचला डीआरएस घेतात तसा माशाला घेतलाय.

सातरस्ता

कॉलेज सुटल्यावर बसले. सेवक काका कुलूप लावायला थांबले होते, त्यांनीच टॉर्च धरला.

पाणी सोडलं आणि त्या तीन धाग्यांतला मधला आधी फुटला. मग कडेचे दोन. मोजता येणार नाहीत इतके बारीक तंतू, सगळे एका बिंदूतून निघालेले, टोकांना किंचित वळलेले. ड्रॉपर थांबवला तरी मिटले नाहीत. आमिषाच्या मुळाशी काळपट ठिपका आहे. काका म्हणाले, "मॅडम, हे तर फूल आहे."

[फोटो ५] [फोटो ६]

मिरकरवाडा

अँटेनॅरियस हिस्पिडस. फोटो ६ तर पुस्तकात छापावा असा आहे.

हा आपला घरचा मासा म्हणायला हरकत नाही. मार्कस ब्लॉख हे जर्मन मत्स्यअभ्यासक १७९९ मध्ये वारले, त्यांचं काम श्नायडरने पुरं करून १८०१ मध्ये छापलं. त्यात या जातीचं पहिलं वर्णन आहे आणि नमुना कोरोमांडल किनाऱ्याचा, म्हणजे तमिळनाडूकडचा. पूर्व आफ्रिकेपासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत हा सापडतो. चिखलाच्या, वाळूच्या सपाट तळावर बसणारा, म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यात येतो. पाणबुड्यांना स्पंज-प्रवाळावरचे भाईबंद दिसतात, हा आम्हाला दिसतो. वीतभर होतो, तुमचा मधल्या आकाराचा आहे.

पाणकोंबडा

म्हणजे ड्रॉपर नसता तर चुकीचं नाव लागलं असतं! पक्ष्यांत आम्ही चोच आणि पाय बघतो, पिसांचा रंग ऋतूनुसार बदलतो म्हणून. तेच की हे.

एक भाबडा प्रश्न. खाऱ्या पाण्याबाहेर यांचं कुणी येतं का? उजनीत वगैरे?

मिरकरवाडा

उजनीत नाही. घराण्यात एक आहे, बायोसेलॅटस, जो खाडीच्या मचूळ पाण्यात आणि नदीच्या तोंडाशी येतो. पण तो इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचा. उजनीत तुम्हाला चिलापीच मिळणार.

शेंगाचटणी

चिलापी तळून मिळते. मुद्दा संपला.

खारंपाणी

सर, दुकानात जिवंत बघताना कसं ओळखायचं? काठी तर ते वर करतच नाहीत.

मिरकरवाडा

दुकानात बहुतेक मॅक्युलॅटस नाहीतर पिक्टस येतो. मॅक्युलॅटसच्या अंगभर ठसठशीत चामखिळी असतात, अंगावर तिकोनी किंवा खोगिरासारखे लाल-केशरी डाग आणि दुसऱ्या काट्याचा पडदा रुंद. त्याचं आमिष चिमुकल्या माशासारखं, डोळ्याच्या ठिपक्यासकट. १९७८ मध्ये पीच आणि ग्रोबेकर यांनी याच जातीवर आमिषाच्या नकलेचा अभ्यास छापला. पिक्टसच्या शेपटीवर बऱ्याचदा तीन गोल डाग असतात, पण 'बऱ्याचदा' हा शब्द लक्षात ठेवा.

काठी बघायची असेल तर दुकानदाराला काचेबाहेरून छोटा मासा दाखवायला सांगा. भूक असेल तर काठी पुढे येते. तेवढ्यात प्रमाण बघून घ्या.

आणि घ्यायचाच असेल तर एकटा ठेवा. हा स्वतःहून लांब मासासुद्धा गिळतो. तोंड उघडलं की तोंडाची पोकळी एकदम बारा पटींपर्यंत फुगते आणि पाण्याबरोबर मासा आत. हे सगळं सहा-सात मिलिसेकंदांत. ग्रोबेकर-पीच यांनी १९७९ मध्ये अतिवेगवान चित्रण करून दाखवलं. साध्या कॅमेऱ्यात एका चौकटीत मासा आहे आणि पुढच्या चौकटीत नाही, एवढंच दिसतं. 'मित्र म्हणून' सोडलेला तुमचा निमो सकाळी नसेल.

खारंपाणी

निमोवर गेलात! माझ्याकडे दोन आहेत. अँग्लर रद्द.

अक्का_विजापूररोड

बरं झालं. प्रवाळावरचा जीव सोलापूरच्या उन्हाळ्यात आणून काय करायचा. वीज गेली की संपलं.

खारंपाणी

अक्का, इन्व्हर्टर आहे हो. पण ठीक आहे.

सातरस्ता

सर, एक अडचण. सेवक काका सांगतात, ही बरणी फार पूर्वी रत्नागिरीच्या सहलीतून आली. साल त्यांना आठवत नाही, कुणी आणली तेही नाही. प्राचार्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, लेबलवर 'स्थळ: रत्नागिरी' टाका, आणि जमलं तर सालही टाका, समितीला बरं दिसतं. मी काय करू?

मिरकरवाडा

साल अजिबात टाकू नका. स्थळही नको.

कारण सांगतो. उद्या कुणी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या माशांची यादी करताना तुमच्या संग्रहालयात आला, तर त्याच्या दृष्टीने लेबलवरचं स्थळ म्हणजे पुरावा. सहल रत्नागिरीला गेली आणि मासा मालवणच्या बाजारातून घेतला, असंही असू शकतं. किंवा कुणी नातेवाइकाने चेन्नईहून आणलेला. चुकीचं स्थळ एकदा छापलं की ते यादीतून यादीत फिरत राहतं, त्याला कुणी खोडत नाही.

लेबल असं करा: शास्त्रीय नाव, घराणं, लांबी ११२ मिमी, स्थळ: नोंद नाही, दिनांक: नोंद नाही, जुना क्रमांक ४७, कशावरून ओळखला: काठी व दुसरा काटा सारखे, तंतूंचा गोंडा, शेपटीला देठ, ओळखल्याचं साल, ओळखणाऱ्याचं नाव, म्हणजे तुमचं. मागच्या बाजूला 'सेवकांच्या सांगण्यानुसार रत्नागिरी सहल' असं लिहा, त्यात खोटं काही नाही. शाईच्या पेनने नको, पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका. बाहेरचं लेबल गळतं हे तुम्ही बघितलंच.

नवं फॉर्मॅलिन भरू नका. मासा आधीच मुरलेला आहे. पाण्यात नीट धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, तो बरणीत पूर्ण बुडला पाहिजे. झाकणाला व्हॅसलीन लावा, नाहीतर आपल्या हवेत वर्षभरात पुन्हा निम्म्यावर येईल. आणखी खात्री हवी असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यांना फोटो ५ आणि ६ पाठवा.

अक्का_विजापूररोड

प्राचार्यांना सांग, 'नोंद नाही' लिहायला धैर्य लागतं, आणि समितीतला एखादा खरा अभ्यासक असला तर त्यालाच मार्क देईल. नसला तर त्याला रत्नागिरी काय आणि रामेश्वर काय.

सातरस्ता

सांगितलं. जरा कुरकुरले, मग म्हणाले, "बरं, तुमचं नाव आहे लेबलवर, तुम्ही बघून घ्या." तासिका तत्त्वावरच्या माणसाचं नाव कायमच्या लेबलवर! एवढं तरी पदरात पडलं.

अल्कोहोल मागवलंय. पेन्सिल मिळाली. बाकीच्या बरण्यांची नोंदवही मात्र अजून सापडलेली नाही.

डुबकीबहाद्दर

ताई, अभिनंदन. पण माझा फोटो ३ सगळे विसरले. गाइड म्हणाला पेंटेड, म्हणजे पिक्टस. बरोबर का?

मिरकरवाडा

विसरलो नाही, मुद्दाम मागे ठेवला. काठी मागे पाडून चरात बसवलेली आहे, म्हणजे लांब काठीवाल्या गटातला. चामखिळी फारशा नाहीत, मॅक्युलॅटस वाटत नाही. उरले पिक्टस आणि कॉमर्सन. कॉमर्सन म्हणजे मोठा, फूटभराच्याही वर जाणारा. नाव फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून, जो १७७३ मध्ये मॉरिशसला वारला. तुमच्या फोटोत आकाराचा अंदाज येत नाही, बाजूला मोजायला काही नाही. पुढच्या पंखातले काटे मोजता आले असते: कॉमर्सनला बहुधा ११, पिक्टसला बहुधा १०. पाठीच्या मऊ पंखात कॉमर्सनला बहुधा १३, पिक्टसला १२. पण पुढचा पंख स्पंजात रुतलाय, शेपटी दगडाआड आहे.

डुबकीबहाद्दर

रंग केशरी आहे, स्पंजही केशरी आहे, गाइड पंधरा वर्षं तिथे पाणी कापतोय. तरी नाव नाही देणार?

मिरकरवाडा

नाही.

शेंगाचटणी

पांढऱ्या माशाला नाव मिळालं, रंगीत बिचारा बेनामी. हे बरंय.

डुबकीबहाद्दर

व्हिडिओ आहे, त्यात तो दोन पावलं चालतो. त्यात पंख उघडा दिसेल. कार्ड बार्शीला मेहुण्याकडे राहिलंय, रविवारी आणतो.

मिरकरवाडा

चालताना पंख टेकतो तेव्हा बोटांसारखे काटे फाकतात, ती चौकट पकडा. मोजताना एकट्याने मोजू नका. मेहुण्याला बसवा, दोघांनी वेगवेगळं मोजा, आणि त्याला आधी १० की ११ ते सांगू नका.